पुस्तक द्या, पण खुणा पुसून

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, पुण्यात नोकरी करणारे वाचक लिहितात. वय ४१. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, गावात खत-बियाण्यांचं दुकान आहे. आत्या लवकर गेली, तिचा मुलगा यांच्याच घरी वाढला आणि आता दुकान तोच बघतो. ‘जरा त्याच्याकडून शीक’ हे वाक्य या वाचकांनी शाळेत असल्यापासून ऐकलं. ते कथा लिहितात. दिवाळी अंकांत छापूनही आल्या, पण अण्णांनी एकही वाचली नाही. आता अण्णा दुकान भाच्याच्या नावावर करायचं म्हणताहेत. अशात खालिद हुसैनी यांची ‘द काइट रनर’ मराठी अनुवादात हाती आली आणि ‘हा अमीर म्हणजे मीच’ असं त्यांना वाटलं. अण्णांच्या ७५व्या वाढदिवसाला तीच प्रत द्यायची, पण महत्त्वाच्या जागा पेन्सिलने अधोरेखित करून आणि समासात प्रतीकांचे अर्थ लिहून, म्हणजे ‘त्यांना एकदाचं कळेल’, असा बेत आहे. अर्थांची यादी पत्रासोबत जोडली आहे : पतंग म्हणजे बापाचं प्रेम, डाळिंबाचं झाड म्हणजे मैत्री, गलोल म्हणजे धैर्य, रुस्तम-सोहराब म्हणजे मुलाचा बळी घेणारा बाप. हे अर्थ बरोबर आहेत का आणि पुस्तक द्यावं का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

नमस्कार.

पुस्तक जरूर द्या. पण खुणा केलेली ही प्रत देऊ नका. का, ते तुमच्या यादीवरूनच सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ती २००३ साली आली. हुसैनी पेशाने डॉक्टर, १९६५ साली काबूलमध्ये जन्मलेले. वडील अफगाण परराष्ट्र खात्यात होते आणि १९८० मध्ये या कुटुंबाला अमेरिकेत आश्रय मिळाला. कादंबरीतला अमीर काबूलच्या वझीर अकबर खान या श्रीमंत वस्तीतला पश्तून मुलगा. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेलेली. बाप धिप्पाड, दानशूर, अनाथाश्रम बांधणारा. अमीर त्याला बाबा म्हणतो. घरचा नोकर अली आणि त्याचा मुलगा हसन हे हजारा जमातीचे, म्हणजे शिया, म्हणजे तिथल्या उतरंडीत सगळ्यात खाली. अमीर आणि हसन एका अंगणात वाढले. १९७५च्या हिवाळ्यात पतंगांच्या सामन्यात अमीर शेवटचा निळा पतंग काटतो. तो पतंग आणायला धावलेल्या हसनवर गल्लीत असेफ नावाचा मुलगा अत्याचार करतो. अमीर आडोशाने ते पाहतो आणि पळून जातो. पुढची सारी कादंबरी त्या पळण्याची आहे.

आता तुमचा पतंग घ्या. ‘बापाचं प्रेम’ हे चुकीचं म्हणता येणार नाही. बाबा गच्चीवरून पाहताहेत, टाळ्या वाजवताहेत, आणि अमीरला आयुष्यात पहिल्यांदा वाटतं की आपण यांना आवडलो. पण त्यानंतरचं एवढं पान पुन्हा वाचा. हसन गल्लीतून येतो, पतंग अमीरच्या हातात देतो, बर्फावर रक्ताचे थेंब पडतात. अमीर काही विचारत नाही. तो पतंग घेऊन बाबांच्या खोलीत जातो, ते हात पसरतात, हा त्यांच्या छातीत तोंड खुपसून रडतो आणि त्या घटकेपुरतं आपण काय केलं ते विसरतो. पळताना त्याच्या मनात येऊन गेलेलं असतं की बाबा मिळवायचे तर ही किंमत द्यावी लागणार, आणि हसन शेवटी हजाराच. म्हणजे तो पतंग प्रेमाचा असेलही, पण त्याचे पैसे दुसऱ्याने भरलेत. समासात ‘बापाचं प्रेम’ एवढंच लिहिलंत तर हसन त्या पानावरून पुसला जातो.

आणि मिळवलेलं ते प्रेम टिकतं किती? जलालाबादच्या सहलीत बाबा सगळ्या नातेवाइकांना मुलाचं कौतुक सांगतात, आणि अमीरला त्यातलं काहीच गोड लागत नाही. थोड्याच महिन्यांत बापलेक ट्यूलिप लावत असताना अमीर नवे नोकर ठेवू या का म्हणून विचारतो आणि बाबा भडकतात. पतंग आणून बाप मिळत नसतो, हे कादंबरी इतक्या लवकर सांगून टाकते. मला भीती वाटते ती इथेच. खुणा केलेली ती प्रत म्हणजे तुम्ही अण्णांपुढे धरलेला निळा पतंग होऊ घातली आहे : हे घ्या, आता तरी मला बघा.

डाळिंबाच्या झाडाकडे तुम्ही जरा घाईने पाहिलंत. टेकडीवर, जुन्या कबरस्तानाशेजारचं ते झाड. त्याच्या बुंध्यावर दोघांची नावं कोरलेली, ‘काबूलचे सुलतान’ म्हणून. तिथेच अमीर निरक्षर हसनला गोष्टी वाचून दाखवतो, आणि मुद्दाम शब्दांचे अर्थ चुकीचे सांगून मनातल्या मनात हसतोही. तिथेच पुढे तो हसनला डाळिंबं फेकून मारतो, मला मार म्हणून ओरडतो, आणि हसन एक डाळिंब स्वतःच्याच कपाळावर फोडून घेतो. म्हणजे मैत्रीच्या त्या झाडाखाली मालक आणि नोकर हे नातं पहिल्यापासून बसलेलं होतं. वर्षांनी हसनचं पत्र येतं. दुष्काळाने टेकडी सुकली, झाडाला कित्येक वर्षांत फळ नाही, पण त्याच्या सावलीत बसून मी माझ्या सोहराबला शाहनामा, ते जुनं फारसी महाकाव्य, वाचून दाखवतो, असं त्यात आहे. ज्याला अक्षर येत नव्हतं तो माणूस मोठेपणी वाचायला शिकला आणि त्याच वांझ झाडाखाली आपल्या मुलाला शिकवतो आहे. या कादंबरीतलं बापलेकाचं सगळ्यात निरोगी नातं मला विचाराल तर ते हे. तुमच्या यादीत ते नाही, कारण तुमचा डोळा अमीर आणि बाबा यांच्यावरून हललाच नाही. दुखऱ्या जागी डोळा अडकणारच, यात तुमचा दोष नाही.

गलोलीचं एका ओळीत सांगते. लहान हसन असेफचा डावा डोळा फोडण्याची धमकी देतो आणि पुढे त्याचा मुलगा सोहराब तोच डोळा खरोखर फोडतो. बापाचं अर्धं राहिलेलं वाक्य मुलाने पुरं केलं. ‘धैर्य’ चालेल.

रुस्तम-सोहराबवर मात्र थांबायला हवं. फिर्दौसीने शाहनामा इ.स. १०१०च्या सुमारास पुरा केला. त्यातली ही गोष्ट आपल्याकडे पारशी कुटुंबांतल्या नावांमुळे कानावरून गेलेली असते. विश्राम बेडेकरांनी १९६३ मध्ये पृथ्वीराज कपूरना रुस्तम करून तिच्यावर हिंदी चित्रपटही काढला होता. रुस्तम रणांगणावर एका तरुणाला जखमी करतो आणि दंडावरच्या खुणेवरून त्याला कळतं की हा आपलाच मुलगा. तुम्ही लिहिलंत, मुलाचा बळी घेणारा बाप. लहानग्या अमीरचंही हेच म्हणणं आहे. त्याला ती शोकांतिका वाटतच नाही, कारण प्रत्येक बापाच्या मनात खोल कुठेतरी मुलाला मारायची इच्छा असतेच असं त्याला वाटतं. शेजारी बसलेला हसन तीच गोष्ट ऐकून रडतो. कोणासाठी रडतो, मरणाऱ्या सोहराबसाठी की रुस्तमसाठी, हे अमीरला कळत नाही. एकच गोष्ट, दोन मुलं, आणि दोघांना ऐकू आलं ते आपापलं. मूळ गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. सोहराबने त्या योद्ध्याला विचारलेलं असतं की तूच तर रुस्तम नाहीस ना, आणि रुस्तम नाही म्हणतो. विचारायचं धाडस मुलाने केलं होतं, बापाने आपलं नाव लपवलं. तुमच्या समासासाठी मला हा अर्थ जास्त उपयोगाचा वाटतो. पण तोही तिथे लिहू नका. अण्णांना त्यात काय ऐकू येईल हे तुम्हाला आणि मला ठाऊक नाही.

ज्या मंडळींना ही कादंबरी अभ्यासाला आहे आणि जी ‘प्रतीकं आणि त्यांचे अर्थ’ अशी दोन रकान्यांची वही भरतात, त्यांनाही हेच सांगेन. या पुस्तकात कुठल्याही प्रतीकाचा अर्थ शेवटपर्यंत एकच राहत नाही. अखेरीस कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटच्या बागेत पुन्हा पतंग उडतो, पण आता बाबा हयात नाहीत आणि हसनही नाही. मिळवायचं असं कोणीच उरलेलं नाही. अमीर सोहराबसाठी कटलेल्या पतंगामागे धावतो, पूर्वी हसन धावायचा तसा. परीक्षेत प्रतीक कुठे बदललं आणि कोणामुळे बदललं ते लिहा.

आता तुमच्या मूळ गृहीताकडे. तुम्ही अमीर आणि अण्णा म्हणजे बाबा, असं तुम्ही धरलं आहे. ते खरं आहे असं समजू. मग तुमच्या घरातला हसन कोण? तुमच्या चार पानी पत्रात आतेभावाचं नाव एकदाही आलेलं नाही. तो ‘भाचा’ आहे, ‘तो’ आहे, ‘ज्याच्याकडून शिकायचं तो’ आहे. आई गेल्यावर मामाच्या घरी वाढलेल्या मुलाला तुमच्याशी होणारी ती तुलना कशी वाटत असेल? त्याने दुकान निवडलं, की त्याला दुसरं काही निवडायला मिळालंच नाही? तुम्ही पुण्याला शिकायला गेलात तेव्हा गल्ल्यावर कोण बसलं? तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून हे विचारत नाही. बाबांनी अमीरला हसनच्या मापाने मोजलं, आणि त्यात अमीर खुजा ठरला तसा हसनही फक्त मापच होऊन बसला. तुलनेने दोघंही जखमी होतात. त्यातला एक आजही तुमच्या फोनमध्ये आहे.

यातूनच एक अतिशय व्यवहारी धोका निघतो, जो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. कादंबरीत मागाहून उघड होतं की हसन हा बाबांचाच, नोकराच्या बायकोपासून झालेला मुलगा. आता ७५ वर्षांच्या अण्णांच्या जागी बसून बघा. घरात वाढवलेला भाचा, त्याच्या नावावर व्हायचं दुकान, आणि मुलगा पुण्याहून असं पुस्तक आणून देतो ज्यात बापाच्या ठिकठिकाणच्या वागण्याखाली पेन्सिलच्या रेघा आहेत. तुम्हाला स्वप्नातही म्हणायचं नसेल असा आरोप अण्णांना त्या रेघांत दिसू शकतो, आणि तो त्यांच्या मृत बहिणीपर्यंत जातो. एकदा असा गैरसमज झाला की तो निस्तरता येत नाही. खुणा पुसायच्या आहेत त्या आधी यासाठी.

बाबांकडेही पुन्हा बघा. तुम्ही दोनदा रेघ मारलेली जागा मी ओळखली. अमीर दाराआडून ऐकतो तेव्हा बाबा आपल्या जिवलग मित्राला, रहीम खानला, सांगत असतात की हा माझा मुलगा आहे यावर माझा विश्वास बसला नसता, डॉक्टरने त्याला बाहेर काढताना मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर. ते वाक्य मुलाच्या कानात आयुष्यभर राहणारच. त्याच बोलण्यात रहीम खान म्हणतो की मुलं म्हणजे आपल्या आवडीचे रंग भरायची पुस्तकं नव्हेत. पण शेवटी त्याच रहीम खानच्या पत्रातून बाप उलगडतो. ज्या मुलाला जगासमोर आपलं म्हणता आलं नाही त्याच्यासाठी बाबा झुरत होते, आणि ज्याला म्हणता आलं त्या अमीरमध्ये त्यांना स्वतःचंच फुकट मिळालेलं ऐश्वर्य आणि स्वतःची लाज दिसत होती. मुलाशी कठोर होताना ते स्वतःशी कठोर होत होते. चोरी हे एकच पाप असं मानणारा हा माणूस हसनने अमीरनेच घातलेला चोरीचा आळ कबूल करताच त्याला त्याच क्षणी माफ करतो. अमीरला तेव्हा कारण कळत नाही. अण्णांचं कारण बाबांसारखं असेल असं मी मुळीच म्हणत नाही. कदाचित ते साधंच असेल : बहीण गेली, तिचा मुलगा पदरात पडला, त्याला परका वाटू नये म्हणून कौतुकाचं माप नेहमी त्याच्याकडे झुकवलं आणि आपला पोरगा काय, आपलाच आहे, असं धरून चालले. हा माझा अंदाज. खरं काय ते अण्णाच सांगतील, आणि तुम्ही त्यांना ते आजवर विचारलेलं पत्रावरून तरी दिसत नाही.

तुमच्या खुणांत जी जागा सुटली आहे ती मात्र मी तुम्हाला दाखवणार. अमेरिकेत बाबा पेट्रोल पंपावर राबतात, कर्करोगाने खंगतात. एके दिवशी अमीर त्यांच्या वेदनाशामक गोळ्या घेऊन घरी येतो तर त्याची बायको सोराया पटकन काहीतरी बाबांच्या पांघरुणाखाली सरकवते. तो पांघरूण उचलतो. चामड्याच्या बांधणीची ती वही असते, लहानपणी रहीम खानने दिलेली, अमीरच्या गोष्टींनी भरलेली. सोराया त्या गोष्टी बाबांना वाचून दाखवत होती. उशीवरून कसंबसं डोकं उचलून बाबा म्हणतात की मीच तिला सांगितलं, तुला राग नाही ना आला. लहानपणी पहिली गोष्ट घेऊन आलेल्या मुलाकडे ज्याने धड पाहिलं नव्हतं तोच हा माणूस. तो मुलाला सरळ ‘तुझं दाखव’ म्हणू शकत नाही, सुनेला मध्ये घालतो. तुमच्या कथा अण्णांनी वाचल्या नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी स्वतः, की तुम्ही त्यांच्या गप्प राहण्यावरून धरलंत? आई असेल तर आईला विचारा. आतेभावाला विचारा, गावात दिवाळी अंक कोणी आणला होता का.

आता काय करायचं ते. तुमची प्रत तुमच्याजवळ ठेवा. ती तुमची रोजनिशी झाली आहे आणि तिचा मान त्याच जागी आहे. अण्णांना कोरी प्रत द्या, पण वाढदिवसाला, पाहुण्यांसमोर, फोटो काढत नको. एखाद्या साध्या दिवशी गावी गेल्यावर द्या आणि तोंडाने एकच वाक्य सांगा, पुस्तकाबद्दलचं नव्हे, तुमच्याबद्दलचं. उदाहरणार्थ : ‘अण्णा, हे वाचताना मला तुमची फार आठवण आली, आणि माझ्या गोष्टी तुम्ही वाचाव्यात असं मला अजून वाटतं.’ हे वाक्य तुम्हाला जमणार नसेल तर पुस्तक ते काम करणार नाही. पुस्तक देणं त्या वाक्यानंतरचं आहे.

पुस्तकात काय आहे याची कल्पना आधी द्या. गल्लीतला तो प्रसंग, तालिबानच्या काळातल्या शिक्षा, इस्लामाबादमध्ये लहानग्या सोहराबने स्वतःला संपवण्याचा केलेला प्रयत्न, हे सगळं वयस्कर माणसाला अचानक वाचायला लागू नये. २००७च्या चित्रपटात काम केलेल्या अफगाण मुलांना त्या प्रसंगावरून जिवाला धोका होईल या भीतीने प्रदर्शनाआधी संयुक्त अरब अमिरातीत हलवावं लागलं होतं, इतकं ते तिथे जिव्हारी लागणारं आहे. १९९८च्या ऑगस्टमध्ये मझार-ए-शरीफमध्ये तालिबानने हजारा जमातीच्या लोकांची कत्तल केली. हसनचं हजारा असणं म्हणूनच प्रतीक म्हणून बाजूला ठेवता येत नाही. अण्णा दोन पानं वाचून पुस्तक मिटतील, तर मिटू द्या. नजर कमी झाली असेल तर सुरुवातीची पतंगाची प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा. तुमच्याकडे संक्रांतीला आसारीवर दोरा गुंडाळून पतंग उडवतात. काचेचा मांजा, कापलेली बोटं, कटलेल्या पतंगामागे पळणारी पोरं हे त्यांना समजावून द्यावं लागणार नाही. तिथून ते स्वतःच्या लहानपणावर येतील. आले तर तुम्ही अमीरला विसरून अण्णांचं ऐका. त्यांचे वडील कसे होते, हे तुम्हाला माहीत आहे का? बाबांच्या बापाबद्दल आपल्याला थोडंफार कळतं म्हणून तर बाबा कळतात.

पुस्तक पुरं वाचून अण्णा ‘तो पोरगाच भित्रा होता’ एवढंच म्हणाले, तर वाद घालू नका. आमच्या वाचकगटात वयस्कर पुरुषांना बाबांचं अस्वलाशी झुंजणं आणि रशियन सैनिकासमोर छाती काढून उभं राहणं हेच आधी आठवतं. त्यांच्या वाचनाला तेवढी जागा आहे. विचारायचंच तर ‘बाबा कुठे चुकले?’ असं विचारू नका. ‘बाबांनी रहीम खानला सांगितलं ते मुलाला का सांगितलं नसेल?’ असं विचारा.

आतेभावाला मात्र याच आठवड्यात फोन करा. पुस्तकाचा विषय काढायची गरज नाही. विचारपूस करा, आणि ‘अण्णा आपल्या दोघांची तुलना करायचे तेव्हा तुला काय वाटायचं’ हे जमेल तेव्हा विचारा. उत्तर लगेच येणार नाही.

राहिला दुकानाचा विषय. तो कादंबरीत मिसळू नका. खरंच दुकान हवंय, की अण्णांनी आपल्याला न विचारता ठरवलं याचं दुःख आहे, हे आधी स्वतःशी ठरवा. हवं असेल तर सरळ तसं म्हणा. तुमचा तो विचार लाजिरवाणा नाही. नको असेल तर तेही अण्णांना सांगून मोकळे व्हा, म्हणजे तुमच्या बाकीच्या बोलण्याचा अर्थ कोणी मालमत्तेशी लावणार नाही. ते वडिलोपार्जित आहे की अण्णांची स्वतःची कमाई, यावर कायद्याचं बरंच अवलंबून असतं, तेव्हा कागद वकिलाला दाखवा. आणि जी काही बैठक होईल तिला आतेभाऊ पहिल्यापासून हजर असू द्या. ठरल्यानंतर फक्त सांगायला त्याला बोलावू नका.